नागपुरात बर्गर-हॉट डॉग कुठे खायचा? धंदा टाकण्याआधी ही फेरी मारून या



मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मानेवाड्याच्या एका पोराचा फोन आला. "सर, बर्गरची फ्रँचायझी घेतोय. साडेतीन लाख मागताहेत. दीड लाख माझ्याकडे आहेत, बाकी आईचे दागिने ठेवून गोल्ड लोन काढतो. उद्या टोकन द्यायचं आहे. देऊ का?"

मी त्याला एकच विचारलं. "भाऊ, नागपुरात बर्गर कुठे कुठे खाल्लास?"

तो म्हणाला, "दोन-तीन ठिकाणी, मित्रांसोबत."

"ऑर्डर दिल्यावर किती मिनिटांत हातात आला? पाव शेकलेला होता की नुसताच गरम केलेला? तुझ्या आधी रांगेत किती लोक होते?"

फोनवर शांतता.

"मग टोकन पंधरा दिवस पुढे ढकल. आधी खाऊन ये."

खाण्याच्या धंद्यात उतरणारे आपण सगळे हीच चूक करतो. खातो गिऱ्हाईक म्हणून, आणि पैसे लावतो मालक म्हणून. चव सगळ्यांना कळते, पण ठेला चालतो तो चव, वेळ आणि जागा या तिन्हींच्या हिशोबावर. व्हिडिओत हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घ्या आणि निघा.

फेरी पहिली: सीताबर्डी

सुरुवात मॉलमधल्या मोठ्या कंपनीच्या काउंटरपासून करा. महाग आहे म्हणून टाळू नका, ही तुमची फी समजा.

मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात दुकान उघडलं तेव्हा जगभर चालणारा त्यांचा बीफचा बर्गर इथे आणलाच नाही. आपल्याकडे चालली ती आलू टिक्की. २००४ मध्ये त्यांनी २० रुपयांपासूनचा मेनू आणला आणि कॉलेजची पोरं आत यायला लागली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलासुद्धा आधी गिऱ्हाइकाची जीभ आणि मग त्याचा खिसा बघावा लागला.

काउंटरवर बघायचं काय? मेनू बोर्डावर सगळ्यात मोठा फोटो कशाचा आहे. "फ्राईज देऊ का?" हा प्रश्न किती वेळा विचारतात. आणि घड्याळ लावून बघा, पैसे दिल्यापासून ट्रे मिळेपर्यंत किती मिनिटं लागतात. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, बाजार दिवसभर चालतो, त्यामुळे इथे दुपारीही गिऱ्हाईक असतं. तुमच्या गल्लीत दुपारी ते नसेल, हा फरक वहीत लिहा.

फेरी दुसरी: धरमपेठ, गोकुळपेठ

इथे कॅफे आहेत. पोरं-पोरी येतात, एक बर्गर आणि दोन कोल्ड कॉफीवर तासभर बसतात. इथला बर्गर महाग का, हे इथेच कळतं. तो नुसता बर्गर नसतो, खुर्ची, एसी आणि फोटो काढायची भिंत यांचं भाडं त्यात असतं. एका टेबलावर तासात किती बिलं होतात ते मोजा. ठेल्याचा विचार असेल तर कॅफेचा भाव बघून आपला भाव ठरवू नका.

फेरी तिसरी: फुटाळा आणि आयटी पार्क रोड

फुटाळ्याला दोनदा जा, एकदा रविवारी आणि एकदा मंगळवारी. रविवारची गर्दी बघून धंदा टाकणारे खूप, मंगळवारचं रिकामं स्टूल बघून विचार करणारे कमी. आयटी पार्क रोडला उलटं आहे. तिथे ऑफिस सुटल्यानंतरची गर्दी, म्हणजे कामाचा दिवस मोठा.

दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा: हा ठेला उद्या इथे असेल का? रस्त्याकडेच्या गाड्यांवर अतिक्रमणाची कारवाई होते. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि त्यानुसार महापालिकेकडून विक्री प्रमाणपत्र मिळतं. ज्याच्याकडे ते आहे त्याच्याशी बोला. "आधी लावू, मग बघू" या सल्ल्यावर आईचे दागिने ठेवायचे नसतात.

फेरी चौथी: तुमचाच मोहल्ला

ही फेरी लोक टाळतात, आणि पैसे इथेच जातात. मानेवाडा असो, त्रिमूर्तीनगर असो की महाल, तुमच्या चौकात संध्याकाळी लोक काय खातात? आलूबोंडा, समोसा, पाणीपुरी, चायनीज. तुमची खरी स्पर्धा मॉलमधल्या बर्गरशी नाही, समोरच्या गरम आलूबोंड्याशी आहे. तो स्वस्त आहे, कढईतून थेट हातात येतो, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खातात. तुमच्याकडे नातू येईल. आजोबांसाठी काय ठेवणार?

आणि हॉट डॉग?

हॉट डॉग शिकायचा तर इंदूरला जा. नागपूरहून आता थेट वंदे भारत आहे. तिथल्या छप्पन दुकानमध्ये 'जॉनी हॉट डॉग' नावाचं छोटंसं दुकान आहे. परदेशात हॉट डॉग म्हणजे लांब पाव आणि त्यात सॉसेज. इंदूरच्या माणसाने नाव तेच ठेवलं, पण गोल पाव घेतला, तव्यावर खरपूस शेकला आणि आत आपल्या जिभेची टिक्की घातली. व्हेज हॉट डॉग, मटण हॉट डॉग आणि अंड्याचा बेंजो यांच्यावरच ते दुकान उभं राहिलं. २०१९ मध्ये उबर ईट्सने हाँगकाँगच्या कार्यक्रमात या दुकानाचा सन्मान केला.

आता तुमच्या डोक्यातला मेनू आठवा. बर्गर, पिझ्झा, सँडविच, मोमो, फ्राईज, मोहितो... चाळीस पदार्थ! चाळीस पदार्थांना चाळीस डबे लागतात, आणि रोज रात्री त्यातले दहा फेकावे लागतात. मेनू लहान असला की माल ताजा राहतो, हात बसतो आणि वेळ वाचतो. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ सुरू झालेलं जम्बोकिंग बघा. एकट्या वडापाववरून त्यांनी साखळी उभी केली.

आता हिशोब

खालचे आकडे मी समजायला सोपे धरलेत. तुम्ही बेकरीत, मंडईत जाऊन आपले भाव टाका. आलू टिक्की बर्गर, विक्री ६० रुपये:

- पाव: ८
- टिक्की: ८
- सॉस, मेयोनीज: ५
- कांदा, टमाटर, पत्ताकोबी: २
- तेल, गॅस: ३
- कागद, टिश्यू: २
- वाया जाणारं: २

एकूण ३० रुपये. म्हणजे एका बर्गरमागे ३० रुपये उरले. "सर, निम्मं मार्जिन!" थांबा.

जागेचं भाडं महिन्याला ९,०००, पोऱ्याचा पगार १२,०००, लाईट-पाणी-किरकोळ ३,०००, कर्जाचा हप्ता ६,०००. झाले ३०,०००. दिवसाला १,००० रुपये, म्हणजे ३४ बर्गर विकल्यावर तुम्ही शून्यावर आलात. तुमची स्वतःची मजुरी ६०० रुपये धरली तर ५४ बर्गर. पावसामुळे, आजारपणामुळे महिन्यातून चार दिवस बंद राहिलं तर भाडं थांबत नाही. उरलेल्या २६ दिवसांत नुसतं शून्यावर यायलाच रोज ३९ बर्गर लागतात.

आता घड्याळ. तुमचा खरा धंदा संध्याकाळी सात ते दहा. समजा ५४ मधले निम्मे गिऱ्हाईक आठ ते नऊमध्येच आले, तर एका तासात २७ बर्गर, म्हणजे सव्वादोन मिनिटांना एक. तेवढा तुमचा तवा आहे का? तेवढा हात आहे का? म्हणून मी म्हणतो, खाताना घड्याळ बघा.

ऑनलाईन ऑर्डरचंही बघून घ्या. कमिशन २५ टक्के धरलं तर १५ रुपये गेले, डब्याचे ४ गेले. ३० चे ११ उरले. ठेल्यावरच्या एका बर्गरइतकं कमवायला ऑनलाईन जवळपास तीन विकावे लागतात. ॲपवर जायचं तर तिथला भाव आणि कॉम्बो वेगळा ठेवा.

नागपूरचा उन्हाळा विसरू नका

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पार जातो. सकाळचा पाव संध्याकाळी कोरडा पडतो, म्हणून बेकरीवाल्याशी दुपारच्या मालाची बोली करा. आणि मेयोनीज! कच्च्या अंड्याचं मेयोनीज उष्णतेत फार लवकर बिघडतं. तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. तुम्ही बिनअंड्याचं, कंपनीचं सीलबंद घ्या, फोडल्यावर थंड ठेवा आणि गाडीवर लहान बाटलीत तेवढंच काढा. एका गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं की सगळ्या मोहल्ल्याला कळतं.

कागदपत्रांत एफएसएसएआयची नोंदणी लहान ठेल्यालाही लागते. ती फॉसकॉस पोर्टलवर होते. भांडवल कमी असेल तर पीएम स्वनिधी योजनेची चौकशी करा. २०२५ च्या बदलानंतर पथविक्रेत्याला पहिलं कर्ज १५,००० पर्यंत मिळतं, ते वेळेत फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००. साडेतीन लाखांची उडी मारण्याआधी ही पायरी आहे.

त्या पोराचं काय झालं?

पंधरा दिवसांत तो अकरा ठिकाणी खाऊन आला. वही भरली. मग घरीच मित्र आणि शेजारी बोलावून तीस बर्गर करून बघितले. एकट्याला एक तास पन्नास मिनिटं लागली. पहिल्या सहा टिक्क्या तव्यावर फुटल्या. मला म्हणाला, "सर, मला वाटत होतं अडचण पैशाची आहे. मला तर टिक्कीच येत नाही."

टोकन त्याने दिलं नाही. दागिने घरातच आहेत. सध्या दर रविवारी तीस बर्गर करतो आणि वेळ मोजतो. मागच्या रविवारी एक तास दहा मिनिटांवर आला. तो धंदा करेल की नाही, मला माहीत नाही. पण केला तर डोळे उघडे ठेवून करेल.

तुमचं होमवर्क: या आठवड्यात चार ठिकाणी खा. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहा: भाव, ऑर्डर मिळायला लागलेली मिनिटं, दहा मिनिटांत आलेली गिऱ्हाइकं आणि मेनूतले एकूण पदार्थ. मग आपल्या चौकाचा हिशोब मांडा आणि मला कमेंटमध्ये पाठवा. आकडे चुकले तरी चालेल, वहीत चुकलेलं खोडता येतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत खात राहा, मोजत राहा!