चाकातली हवा, हातातला तोल

जून महिना लागला की मलिहाबादला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. लखनौपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, हरदोईच्या रस्त्यावर वसलेले हे गाव म्हणजे दशहरी आंब्याचे माहेरघर. पहाटेपासून बागांमध्ये उतरणी सुरू होते आणि उजाडता उजाडता रस्ते वाहनांनी भरून जातात. ट्रक, ट्रॅक्टर आणि पिकअप तर असतातच. पण त्यांच्या गर्दीतून वाट काढत आवाज न करता पळते ती ई-रिक्षा. कधी तिच्यात शाळकरी मुले असतात, कधी बाजाराला निघालेल्या बायका, तर कधी सवारीच्या पायांशी आंब्यांचे क्रेट.

या रिक्षात बसताना आपण काय पाहतो? भाडे विचारतो, जागा आहे का ते पाहतो, फार तर चालकाचा चेहरा न्याहाळतो. चाकांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. खरे तर आपला जीव त्या क्षणी तीन चाकांमध्ये कोंडलेल्या हवेवर विसावलेला असतो.

एका चाकाचा धडा

हवेचे महत्त्व समजून घ्यायचे तर परदेशातल्या एका अजब वाहनाकडे पाहावे. ते म्हणजे विजेवर चालणारी एकचाकी. तिला ना हँडल, ना सीट. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पायट्यांवर उभे राहायचे, पुढे झुकले की ती पळते, मागे झुकले की थांबते. पुढे-मागे तोल सांभाळायला आत सेन्सर आणि मोटार असते. डावी-उजवीकडचा तोल मात्र स्वाराने स्वतःच सांभाळायचा. ब्रिटनसारख्या देशात ती सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास परवानगी नाही, तरी तिचे शौकीन अनेक देशांत आहेत. हे शौकीन हवेच्या बाबतीत अतिशय काटेकोर असतात. एक-दोन पौंडांचा फरकही त्यांना पायाखाली जाणवतो.

असे का व्हावे? हिशेब सोपा आहे. पंक्चरवाल्याच्या भाषेतले ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. स्वार ८० किलोचा आणि एकचाकी २५ किलोची धरली, तर एकूण वजन १०५ किलो. हे वजन पेलण्यासाठी टायरचा साधारण ५० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो, म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन! हवा २० पौंडांवर आली की हाच भाग ७५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो.

मग जास्त भाग टेकला तर पकड वाढून फायदाच नाही का? थोडासा होतो, धक्केही कमी बसतात. पण टायरच्या बाजू लुसलुशीत झाल्याने चाक वळायला आळस करते, वळले तर डुलते आणि खड्ड्यात आपटले की रिमलाच मार बसतो. उलट हवा फार भरली तर चाक चपळ होते, पण प्रत्येक खड्यावर उडते. उडालेले चाक रस्त्याला टेकलेलेच नसेल, तर ब्रेक तरी काय करणार?

तीन चाके, तीन तऱ्हा

एकचाकीला जे लागू, तेच मलिहाबादच्या ई-रिक्षालाही. फरक इतकाच की इथे प्रत्येक चाकाची तऱ्हा निराळी असते.

पुढच्या एकुलत्या चाकात हवा कमी असेल तर हँडल जड होते. समोर अचानक सायकलवाला आला, तर रिक्षा वळायला क्षणभर उशीर करते. तो एक क्षणच महागात पडतो. मागच्या दोन्ही चाकांत हवा कमी असेल तर भरलेली रिक्षा वळणावर झुलू लागते. आणि मागच्या एका चाकात कमी, दुसऱ्यात जास्त अशी स्थिती सर्वांत वाईट. कारण रिक्षा एका अंगाला कलते आणि त्याच बाजूला ओढ घेते. तीन चाकांच्या गाडीचा तोल मुळातच नाजूक. त्यात बाजू उघड्या, धरायला एक दांडी आणि मांडीवर लहान मूल!

चालकाच्या खिशाचाही प्रश्न आहेच. मऊ टायर ओढायला जास्त वीज लागते. एका चार्जिंगमध्ये होणाऱ्या फेऱ्या कमी होतात आणि बॅटरीवरचा ताण वाढतो. शिवाय सारखा दबणारा टायर तापतो आणि लवकर झिजतो. दुसरीकडे टणक टायरांमुळे बसणाऱ्या हादऱ्यांनी आंब्याला मुका मार लागतो. तो त्या दिवशी दिसत नाही. आंबा पिकला की काळा डाग होऊन उमटतो.

ओझ्याला हवा हे उत्तर नव्हे

हंगामात एक सोपी युक्ती अनेकांना सुचते. माल जास्त आहे ना, मग हवा जास्त भरा. ही समजूत अर्धीच खरी. ओझे वाढले की दाब थोडा जास्त लागतो हे खरे. पण तो कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही सर्वांत वरची मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे. रोजचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

ई-रिक्षांसाठी केंद्र सरकारने २०१४मध्ये नियम केले आणि २०१५मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यांनुसार चालकाशिवाय चार प्रवासी आणि ४० किलो सामान एवढीच मुभा आहे. वीस किलोंचे दोन क्रेट ठेवले की सामानाची मर्यादा संपली! ब्रेक, सांगाडा आणि चाकांचे बेअरिंग तेवढ्याच ओझ्यासाठी असतात. हवा वाढवून त्यांची ताकद वाढत नाही.

ऋतू बदलला, हवा बदलली

उत्तरेकडच्या हवामानाचे गणितही ध्यानात ठेवायला हवे. सकाळी २८ अंशांना ३० पौंड हवा भरली आणि दुपारी तापलेल्या रस्त्यावर टायर ५५ अंशांपर्यंत गेला, तर दाब ३४ पौंडांच्या घरात जातो. घाबरून त्या वेळी हवा सोडू नये. संध्याकाळी टायर थंड झाला की तो कमी भरेल. उलट, ऑक्टोबरात भरलेली हीच हवा जानेवारीच्या ८ अंशांच्या धुक्यात थेंबभर न गळताही २७वर येते. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, गाडी निघण्यापूर्वी तपासावी आणि अंगठा दाबून वा लाथ मारून नव्हे, तर मापकाने.

ही गोष्ट मलिहाबादपुरती नाही. नागपूरच्या गल्ल्यांत ई-रिक्षा धावतात. माथेरानच्या चढ-उतारांवरही डिसेंबर २०२२मध्ये त्या प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या. उतारावर ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे तिथली हवा आणखी मोलाची. घरातल्या स्कूटरलाही हाच नियम. मुलाला रोज शाळेत सोडणाऱ्या आईने आठवड्यातून एकदा पंपावर दोन मिनिटे थांबायला काय हरकत आहे?

मलिहाबादचा पंक्चरवाला पहाटेच कॉम्प्रेसर सुरू करतो. त्याच्यापुढे थांबून तिन्ही चाकांची हवा मोजून घेणारा चालक दोन-चार मिनिटे उशिरा निघतो खरा, पण त्याच्या रिक्षातली माणसे आणि आंबे दोन्ही धड घरी पोहोचतात. 'पहले आप' ही लखनौची ओळख. हवा तपासण्याच्या बाबतीत मात्र कोणी दुसऱ्याची वाट पाहू नये!