थप्पी क्रमांक 14

शटर वर जातं आणि तागाच्या बारदानाचा उबट वास अंगावर येतो. लातूरच्या एमआयडीसीतलं गोदाम. एप्रिल, सकाळचे साडेनऊ, तरी वरचा पत्रा तापून कडकड वाजतोय. या सोयाबीनवर बँकेने कर्ज दिलंय. माल जागेवर आहे का, एवढंच बघायला मी आलोय.

चौदा नंबरच्या थप्पीवर सुतळीने बांधलेलं स्टॅक कार्ड लोंबतंय. धुळीने पिवळं पडलेलं, कोपरा उंदराने कुरतडलेला. आवक नोव्हेंबरची, पोती 400, वजन 200 क्विंटल, ओलावा 12 टक्के. खाली धुरी दिल्याच्या तारखा. जावकेचा रकाना कोरा, शिल्लक 400.

मी मोजतो. पायाला आठ पोती लांब, चार रुंद. एका थरात 32. थर बारा, म्हणजे 384. शिडीवरून वर चढतो. डोक्यावर अकरा पोती सुटी. मधे काठी खुपसून बघतो, कारण बाहेरून भरीव दिसणारी थप्पी आतून पोकळ असू शकते, हे या धंद्यात एकदा ठेच लागल्यावर कळतं. पोकळ नाही. बेरीज 395.

"पाच कमी," मी वरूनच सांगतो.

"कसे कमी होतील साहेब?" मॅनेजर खालून. मग तेच शर्टाचा खिसा चाचपतात आणि चौकोनी घडीची चिठ्ठी काढतात. फेब्रुवारीत पाच पोती फाटली, पलटी करायला कोपऱ्यात काढली. चिठ्ठी लिहिली, कार्डावर चढवायची राहिली. कोपऱ्यात ती खरंच आहेत: नव्या बारदानात चार भरलेली, पाचवं अर्धं, शेजारी झाडणीचा ढीग. चोरी नाही, आळस आहे. पण बँकेला दोन्ही सारखेच. कार्डावर नाही ते झालंच नाही.

एवढ्यात अण्णा येतात. माल त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा. काही कर्ज फेडलंय, बँकेने शंभर पोती मोकळी केलीत, आज ती उचलायची. डिलिव्हरी ऑर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलीय. वजनकाट्यावर दहा पोती चढतात. बारदान वजा जाता सरासरी 48 किलो 900 ग्रॅम.

अण्णांचा चेहरा बदलतो. "पन्नासचं पोतं ठेवलं होतं की आम्ही. वरचं कुठं गेलं?"

मॅनेजर तापतात, मी मधे पडतो. ओलावामापक लावतो: 10 टक्के. कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडतो. पन्नास किलोत 12 टक्के पाणी, म्हणजे सुका माल 44 किलो. तोच 44 आता एकूण वजनाच्या 90 टक्के, भागाकार 48.89. अख्ख्या थप्पीत जवळजवळ साडेचार क्विंटल हवेत गेलं. पोतं तेवढंच, दाणा तेवढाच, फक्त पाणी उडालं.

अण्णा आकडे दोनदा वाचतात. "पावतीवर ओलावा लिवलाय का पण?"

प्रश्न बरोबर आहे. 2007 च्या वखार कायद्यामुळे अशी पावती बँकेत तारण ठेवता येते, 2017 पासून ती संगणकावर निघू लागली. पण नुसतं वजन लिहिलेली पावती आजच्यासारख्या दिवशी कामाला येत नाही. सोबत प्रत आणि ओलावा हवा, नाहीतर सुकलेलं कुठलं आणि पळवलेलं कुठलं, कुणी ठरवायचं? मॅनेजर मोबाइलवर पावती उघडून दाखवतात. 12 टक्के. अण्णा मान हलवतात, पण पुटपुटतातच, "पाण्याचं बी व्याज भरलं म्हणा आम्ही."

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मॅनेजर कार्ड सोडवतात, पाच पोत्यांची ओळ तारखेसकट लिहितात. तारीख फेब्रुवारीची टाकायला निघालेत, मी हात धरतो. आजचीच टाका, शेऱ्यात चिठ्ठीचा उल्लेख करा. मग मी सही करतो.

ट्रक मागे लागतो. म्हातारा हमाल पहिलं पोतं पाठीवर घेऊन दारातून जाताना ओरडतो, "लाभ!" पहिल्याला तो एक म्हणत नाही. दुसरा हमाल निघतो, "दोन!" मी गेटपासच्या मागे लाभच्या जागी उभी रेघ मारतो आणि मोजत राहतो.