तंतोतंत प्रत

अष्टविनायकांच्या यात्रेला निघालेला यात्रेकरू ओझरच्या विघ्नहराचें दर्शन घेतो, कुकडीचें पात्र पाहतो आणि नारायणगांवाला पुणें-नाशिक रस्त्यावर येतो. तेथून पूर्वेस खोडदची वाट धरली, तर शेतांच्या मधोमध तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. ही ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी महादुर्बीण होय. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यांतील केंद्रानें ती उभारली. तबकड्या एकंदर तीस; प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या असून सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमध्यें सुमारें पंचवीस किलोमीटरांचें अंतर आहे.

या तबकड्यांना जें ऐकूं येतें तें कांचतंतूंच्या वाटेनें मध्यवर्ती इमारतींत येतें, तेथें एकत्र केलें जातें आणि अंकांच्या रूपानें संगणकाच्या फायलींत सांठविलें जातें. एका रात्रीचें निरीक्षण म्हणजे अशा मोठमोठ्या फायली. त्यांचा अभ्यास मात्र खोडदला होत नाहीं. तो पुण्यांत, इतर विद्यापीठांत आणि देशोदेशींच्या संस्थांत होतो. म्हणजे प्रत्येक फायलीची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर न्यावी लागते. वाटेंत एखादा अंक बदलला तर आकाशाला पुनः विचारतां येत नाहीं. तारा तेथेंच असेल. परंतु त्या रात्रीची त्याची अवस्था निघून गेलेली असते, आणि एखादा क्षणिक स्फोट तर पुनः कधींच घडत नाहीं. तेव्हां जें निघालें तेंच पोंचलें कीं नाहीं, हा प्रश्न तेथें अगदीं जिव्हाळ्याचा ठरतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. छापखाने येण्यापूर्वीं ग्रंथ हातानें नकलून घेत. एका लेखकाच्या हातून ओळ गळे, दुसऱ्याच्या हातून अक्षर बदले, आणि तिसरा त्या दोघांच्या चुका इमानानें पुढें नेई. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी तीन शतकांच्या आंतच इतकी पाठभेदांनीं भरली कीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, श्रीएकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पाठ शोधावयाचा म्हणजे पोथ्या एके ठिकाणीं आणून, समोरासमोर ठेवून ताडून पाहणें आलें. पण एक प्रत खोडदला आणि दुसरी सातासमुद्रांपलीकडे असेल, तर त्या समोरासमोर कशा ठेवावयाच्या? सबंध फाईल पलीकडे पाठवून ताडून पाहावी, तर पुनः नकलेचाच खटाटोप. मग ताडण्याचा लाभ तो काय?

या कोड्याचें एक सुंदर उत्तर ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें निघालें. तेथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनीं इ. स. १९९६ मध्यें ‘आरसिंक’ नांवाचें साधन लोकांपुढें ठेवलें. निरनिराळ्या जातींच्या संगणकांची सोयरीक जुळविणें हें ट्रिजेल यांचें आवडतें कार्य. विंडोज आणि युनिक्स या दोन घराण्यांतील यंत्रांना एकमेकांच्या फायली पाहतां याव्यात म्हणून ‘सांबा’ हें साधनही त्यांनींच सुरू केलें होतें. आरसिंकला चित्रें नाहींत, बटणें नाहींत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची: साधनाचें नांव, कसें वागावें याची खूण, कोठून न्यावयाचें आणि कोठें ठेवावयाचें. अशा साधनांना आज्ञा-ओळीचीं साधनें म्हणतात. प्रथमदर्शनीं तीं रुक्ष वाटतात. पण लिहिलेली आज्ञा उद्यां जशीच्या तशी पुनः देतां येते, हा त्यांचा मोठा गुण आहे.

आतां आरसिंकची युक्ति पाहूं. समजा, एका फायलीची जुनी प्रत पुण्यांत आहे आणि खोडदला तिच्यांत थोडी भर पडली आहे. पुण्यांतील यंत्र आपल्या जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतें आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढतें: एक कच्ची, एक पक्की. तुकडे पाठवावयाचे नाहींत. फक्त खुणा पाठवावयाच्या. त्या अत्यंत लहान असतात. खोडदचें यंत्र त्या खुणा हातांत घेऊन आपल्या नव्या फायलींत तसेच तुकडे कोठें सांपडतात तें शोधतें. जो सांपडला त्याबद्दल तें एवढेंच कळवितें कीं, ‘हा तुमच्याकडील अमुक क्रमांकाचा तुकडा.’ जो सांपडला नाहीं तेवढा मजकूर मात्र प्रत्यक्ष पाठवितें. पुण्यांतील यंत्र जुने तुकडे आणि नवा मजकूर क्रमानें जोडून नवी फाईल उभी करतें. दोन प्रती एका ठिकाणीं कधींच आल्या नाहींत; तरीही ताडून पाहिल्या गेल्या.

कच्ची खूण म्हणजे काय, हें शाळेंतील बेरजेनें समजेल. ४, ७, २, ९ हा चार अंकांचा तुकडा घ्या. त्यांची साधी बेरीज २२. पण ७, ४, २, ९ यांचीही बेरीज २२ च होते. म्हणजे अंकांची अदलाबदल झाली तर साध्या बेरजेला तिचा पत्ता लागत नाहीं. म्हणून जागेप्रमाणें वजन देऊन दुसरी बेरीज करावयाची: पहिल्यास चारनें गुणा, दुसऱ्यास तीननें, तिसऱ्यास दोननें आणि चौथ्यास एकनें. पहिल्या तुकड्याची ही बेरीज १६, २१, ४ आणि ९ मिळून ५०. अदलाबदल झालेल्याची २८, १२, ४ आणि ९ मिळून ५३. चोर सांपडला.

खरी गंमत पुढें आहे. फायलीच्या आरंभीं एकच अक्षर घुसलें तरी पुढचे सर्व तुकडे एका घरानें सरकतात. त्यामुळें खोडदच्या यंत्राला प्रत्येक घरापासून नवा तुकडा धरून त्याची खूण काढावी लागते. दर वेळीं सगळी बेरीज नव्यानें करावयाची तर काम संपावयाचें नाहीं. पण ४, ७, २, ९ नंतर ६ हा अंक आहे असें समजा. एक घर सरकल्यावर तुकडा झाला ७, २, ९, ६. साधी बेरीज २२ मधून गेलेले ४ वजा केले, आलेले ६ मिळविले, २४. वजनाच्या बेरजेंतून, ५० मधून, गेलेल्या ४ ची चौपट म्हणजे १६ वजा केली आणि नवी साधी बेरीज २४ मिळविली, ५८. ज्याला शंका असेल त्यानें २८, ६, १८ आणि ६ यांची बेरीज करून पाहावी. ती ५८ च येते. तुकडा चार अंकांचा असो वा हजार अंकांचा, सरकण्याचें काम तेवढ्याच दोन-चार क्रियांत होतें. कच्ची खूण जुळली तरच महागडी पक्की खूण काढून खात्री करावयाची. मूळच्या रचनेंत ही पक्की खूण १२८ बिटांची होती. दोन भिन्न तुकड्यांची ती योगायोगानें एकच येणें व्यवहारांत जवळजवळ अशक्य. शेवटीं सबंध फायलीचीही खूण दोन्हीकडे ताडली जाते आणि न जुळल्यास काम पुनः केलें जातें.

येथवरचा मार्ग गणिताचा झाला. निरनिराळ्या कार्यप्रणालींच्या यंत्रांत मात्र विघ्नें वेगळ्याच जातीचीं असतात. खगोलशास्त्रज्ञांना तीं फार पूर्वींच भेटलीं. १९७० च्या दशकांत एका यंत्राचा शब्द ३२ बिटांचा, दुसऱ्याचा ३६, तिसऱ्याचा ६०. एकाची फाईल दुसऱ्याला कळेना. म्हणून ‘फिट्स’ नांवाची फायलींची सर्वमान्य मांडणी ठरविण्यांत आली आणि इ. स. १९८२ मध्यें आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघानें ती मान्य केली. तिच्यांत मजकुराचा प्रत्येक गठ्ठा २८८० बाइटांचा असतो. हा आंकडा मुद्दाम निवडलेला आहे: २८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट, आणि या संख्येला ३२, ३६ आणि ६० या तिन्हींनीं नि:शेष भाग जातो. खोडदच्या नोंदीही अभ्यासासाठीं याच मांडणींत बदलून घेतात.

आजच्या घरांतील यंत्रांत शब्दांच्या लांबीचा तंटा राहिलेला नाहीं. नांवांचा आणि वेळेचा आहे. लिनक्सला इंग्रजी मोठें आणि लहान अक्षर हीं दोन वेगळीं वाटतात, विंडोज सामान्यतः तीं एकच मानतें. म्हणून लिनक्सवरील दोन फायली विंडोजवर एकमेकींच्या जागेसाठीं भांडतात. फायलीच्या नांवांत अपूर्णविराम विंडोजला चालत नाहीं. जुन्या ‘फॅट’ मांडणीच्या पेनड्राइव्हवर फायलीची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानें लिहिली जाते. त्यामुळें न बदललेली फाईल बदलल्यासारखी दिसते, आणि एका सेकंदाचा फरक सोडून दे, असें आरसिंकला सांगावें लागतें. मराठीचें विघ्न तर फार मजेचें आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नांवांतील ‘ऱ’ हें अक्षर दोन रीतींनीं लिहितां येतें: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशीं दोन चिन्हें मिळून. मॅकची जुनी ‘एचएफएस प्लस’ मांडणी नांवाचे असे घटक सुटे करून ठेवी. इतर यंत्रें दिलेलें नांव तसेंच ठेवतात. डोळ्यांना दोन्ही नांवें सारखींच, यंत्राला मात्र निराळीं. मग एकाच यादीच्या दोन प्रती होऊन बसतात. आरसिंकमध्यें नांवांचें असें रूपांतर करण्याची सोय आहे. फायलीच्या आंतल्या मजकुराला मात्र तें हात लावीत नाहीं. तें शहाणपणानें कांहींच सुधारीत नाहीं. नकलाकाराचा हा गुण थोर आहे.

लिनक्स आणि मॅक यांवर आरसिंक सहज चालतें. विंडोजवर ‘सिगविन’ बसवून किंवा विंडोजच्याच पोटांतील लिनक्सच्या उपप्रणालींतून चालवावें लागतें. तें मोफत आहे. परंतु त्याच्या दोन संवयी जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, विशेष सांगितलें नाहीं तर तें फायलीची लांबी आणि वेळ एवढेंच पाहून ‘बदल नाहीं’ असें ठरवितें. एखादी तबकडी जुनी होऊन आंतील अक्षरें आपोआप बिघडलीं, तर लांबी आणि वेळ तींच राहतात आणि दोष दिसत नाहीं. म्हणून अधूनमधून ‘सी’ या खुणेनें सगळा मजकूर वाचून ताडावयास सांगावें. वेळ लागतो, पण खात्री होते.

दुसरी संवय अधिक भयंकर आहे. ‘डिलीट’ अशी खूण दिली कीं, मूळ ठिकाणीं जें नाहीं तें प्रतीच्या ठिकाणाहूनही पुसून टाकलें जातें. दोन ठिकाणें सारखीं ठेवावयास ही खूण उपयोगी आहे. पण घाईंत मूळ आणि प्रत यांचीं नांवें उलटीं लिहिलीं गेलीं, किंवा मूळ तबकडी जोडलेलीच नसतांना आज्ञा दिली, तर यंत्र रिकाम्या जागेची तंतोतंत प्रत करतें. वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज, मुलीच्या लग्नाचीं चित्रें, परदेशीं असलेल्या मुलानें धाडलेलें नातवाचें पहिलें पाऊल, हें सारें निमिषांत नाहींसें होतें आणि यंत्राच्या दृष्टीनें आज्ञापालनांत कसूर झालेली नसते. यावर उपाय साधा आहे. आज्ञेंत ‘एन’ आणि तिच्या जोडीला ‘व्ही’ अशा खुणा घातल्या म्हणजे आरसिंक कांहींही न करतां, काय केलें असतें त्याची यादी तेवढी दाखवितें. ती यादी वाचावी, पुसल्या जाणाऱ्या फायलींचीं नांवें नीट पाहावीं, आणि मगच ‘एन’ काढून खरी आज्ञा द्यावी.

एकनाथांपुढें पोथ्या होत्या आणि त्या वाचणारे डोळे होते. आज ताडून पाहण्याचें काम यंत्रानें पत्करलें आहे आणि तें माणसापेक्षां अधिक अचूकपणें करतें. कोणती प्रत मूळ धरावयाची, हें मात्र त्याला ठाऊक नसतें. तेवढें एक लिहिणाऱ्यानें ठरवावयाचें असतें, आणि आज्ञेच्या ओळीखालीं कळ दाबण्यापूर्वीं तें नांव पुनः एकदां वाचावयाचें असतें.