मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून ते ओळखले जाते. ग्रामसभेच्या कारभारामुळे देशभरातून अभ्यासक येथे येतात.

स्थान
हे गाव गडचिरोली-धानोरा मार्गावर, धानोऱ्याच्या सुमारे ३ किलोमीटर अलीकडे आहे. जवळची बाजारपेठ धानोरा होय. रेल्वेने येणाऱ्यांस वडसा (देसाईगंज) स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने यावे लागते.

ग्रामसभा
'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही गावाची घोषणा आहे. येथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा हे या चळवळीचे परिचित नेते असून मोहन हिराबाई हिरालाल यांची तिला दीर्घकाळ साथ लाभली.

बांबूचा हक्क
वनहक्क कायदा, २००६ अन्वये गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. या कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला होता. तरीही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिल्याने ग्रामसभेला तो बाहेर विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे सोपवण्यात आले. तेव्हापासून आपल्या बांबूचा परवाना ग्रामसभा स्वतः देऊ लागली आणि विक्रीचे उत्पन्न गावाच्या हाती आले.