विजेची कुळकथा

घरात आलेली वीज कोळशापासून झाली की वाऱ्यापासून, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये मात्र २०१७ पासून तिची ही कुळकथा दर अर्ध्या तासाला जाहीर होते. एक युनिट वीज निर्माण होताना जितके ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या आकड्यास ‘कार्बन तीव्रता’ म्हणतात. तेथील हिशेबात कोळशाला ९३७ ग्रॅम, संयुक्त चक्राच्या वायुकेंद्राला ३९४ ग्रॅम, आणि वारा, ऊन व अणुशक्ती यांना शून्य असे गुणक ठरविलेले आहेत. (पवनचक्कीसाठी वितळविलेल्या पोलादाचा येथे विचार नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.) रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील अखेरचे कोळसाकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, तेव्हापासून प्रश्न मुख्यतः उरला आहे तो, कोणत्या घटकेला किती वायू जळतो, याचा.

हवामान व मागणी यांवरून पुढील दोन दिवसांचे अंदाजही, चौदा विभागांसाठी निरनिराळे, प्रसिद्ध होतात. घरातील लहानसे संगणकयंत्र ते वाचते आणि ‘सकाळी सातपर्यंत मोटार भारित हवी’ एवढी आज्ञा मिळाली की त्याआधीचे सर्वांत स्वच्छ तास निवडते. समजा, दहा युनिटे २५० ग्रॅमच्या वेळेऐवजी १०० ग्रॅमच्या वेळी घेतली, तर कागदावर दीड किलोग्रॅमची बचत होते. पाणी तापविण्याची टाकी, कपडे धुण्याचे यंत्र यांनाही थांबणे जमते. चुलीला जमत नाही.

परंतु ‘कागदावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रसिद्ध होणारा आकडा सरासरीचा असतो. मागणी वाढली म्हणून वारा अधिक वाहत नाही. वाढीव भार पुष्कळदा वायुकेंद्रच उचलते, मग सरासरी कितीही कमी असो. खरा लाभ होतो तो वाया जाणारी वीज वापरली गेली तर. स्कॉटलंडमध्ये वारा जोराचा असला आणि दक्षिणेकडील वाहिन्या पूर्ण भरल्या, की पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. अशा वेळी स्कॉटलंडमधील मोटार भारित करणे हितावह ठरते. लंडनमधील मोटारीने ती वीज वाचत नाही.

शिवाय सर्वच यंत्रांनी एकच मुहूर्त साधला, तर जाळ्यावर अकस्मात भार पडेल. म्हणून मोटारी भारित करणाऱ्या घरगुती उपकरणांसाठी २०२१ मध्ये केलेल्या ब्रिटिश नियमांनी प्रत्येक उपकरणास दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब घालून दिला आहे.