व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन टाकताना आपण नेमकं काय देऊन बसतो?

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या व्हीएस कोड या एडिटरला हवी ती सोय एक्स्टेन्शनने जोडता येते. स्वतःचं लिहिणंही सोपं. पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये कमांडचं नाव द्यायचं, प्रत्यक्ष काम जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. पहिलं छोटं एक्स्टेन्शन एका दुपारीही होतं.

हा कोड 'एक्स्टेन्शन होस्ट' नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून तो अडकला तरी तुमचं टायपिंग अडत नाही. पण वेगळी प्रोसेस म्हणजे कुलूप नव्हे. एक्स्टेन्शनला व्हीएस कोडइतकेच अधिकार मिळतात: फाइल्स वाचणं, त्या इंटरनेटवर पाठवणं, दुसरा प्रोग्रॅम चालवणं. मोबाइल अ‍ॅपसारखी प्रत्येक गोष्टीची वेगळी परवानगी इथे मागितली जात नाही. प्रसिद्ध एक्स्टेन्शनच्या नावाशी मिळतीजुळती बनावट एक्स्टेन्शन्स सापडलेली आहेत. इन्स्टॉल दाबण्याआधी प्रकाशकाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.