‘मोड’ : एका शब्दाची घडण

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली उतरतात, तळाला भोक पडलेला हंडा, कडी निखळलेले घंगाळ, कल्हई उडून काळवंडलेले सतेले आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेले नि पुढे कधीच न वापरलेले पंचपात्र अशी त्यांची रांग पडवीत लागते, आणि घरातले वडीलधारे माणूस त्यांवरून एकवार दृष्टी फिरवून जो निर्णय देते, तो बहुधा एकाच शब्दाचा असतो : ‘मोडीत!’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्याच्या पोटात व्यवहाराचे केवढे ज्ञान साठले आहे, याकडे आपले लक्षही जात नाही.

वापरून झालेल्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण त्यांतला प्रत्येक शब्द वस्तूचा निराळा न्याय करतो. ‘जुने’ म्हटले की केवळ वय सांगितले जाते. जुन्या बाजारात मांडलेले घड्याळ जुने असले तरी घड्याळच असते आणि घड्याळ म्हणूनच विकले जाते. ‘रद्दी’ हा मूळ अरबी ‘रद्द’ या शब्दाचा परिवार फारसीच्या द्वारे आपल्या दफ्तरात आला. ज्याचा अंमल संपला, जे नामंजूर झाले ते रद्दी, आणि आज दर महिन्याला दारावर तोलून दिल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांनाही तेच नाव आहे. ‘भंगार’ या शब्दात भंगाची, फुटीची जाणीव आहे. तिथे लोखंड, पत्रा, काच, प्लास्टिक असा भेद क्वचितच उरतो. ‘मोड’ मात्र या सर्वांहून वेगळी. वस्तू म्हणून तिचे आयुष्य सरले, पण द्रव्य म्हणून ती अजून शाबूत आहे, असा दुहेरी निवाडा हा दोन अक्षरी शब्द करतो. म्हणूनच कापडाची मोड होत नाही, लाकडाची होत नाही. मोड होते ती तांब्यापितळेची, कांशाची आणि सोन्यारुप्याची, म्हणजे वितळून पुन्हा आकार घेऊ शकणाऱ्या धातूची. जुन्या लुगड्यांचा व्यवहार बोहारणीशी होई आणि त्यांच्या बदल्यात भांडे मिळे. त्याला कोणी मोड म्हटले नाही. अपवाद खऱ्या जरीच्या शालू-पैठणीचा. वस्त्र विरले तरी जरीतले रुपे विरत नाही हे जाणणारे खरेदीदार ती वस्त्रे केवळ जरीसाठी विकत घेत आणि जाळून तिच्यातील चांदी वेगळी काढत.

मोडीचा व्यवहार जवळून पाहावयाचा तर कासाराच्या दुकानात बसावे. आमच्या आजीचे घंगाळ मोडीत द्यावयाचे ठरले तेव्हा ते घेऊन मी गेलो होतो, आणि तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. कासारांनी प्रथम बोटाने टिचकी मारून नाद ऐकला, मग उलटे करून बुडाशी नखाने खरवडले, लोखंडी कड्या छिन्नीने तोडून बाजूला ठेवल्या, जुन्या दुरुस्तीत भरलेला डाख निरखून पाहिला, आणि ‘पितळ आहे, पण डाख फार आहे’ असे म्हणून तेवढी वजावट आधीच सांगून टाकली. तांब्याचा भाव पितळेहून चढा, कांशाचा हिशेब वेगळा, आणि ज्याला आपण घरोघर ‘जर्मन’ म्हणतो त्या अल्युमिनियमचा सर्वांत खाली, हे त्यांच्या बोलण्यातूनच मला कळले. वजावट करण्यात लबाडीच असते असे नाही. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. जस्ताला उकळी फुटते ९०७ अंशांना आणि पितळ वितळते तेही साधारण त्याच सुमारास, त्यामुळे मुशीत पितळ पाणी होताच जस्ताचा काही भाग पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जातो आणि आटणीनंतर हाती येणारे वजन कमी भरते. या तुटीला ‘घट’ म्हणतात आणि मोडीच्या भावात ती आधीच धरलेली असते.

वजन झाले, आणि मग कासारांच्या मुलाने ते घंगाळ जमिनीवर आडवे ठेवून लाकडी मोगरीने ठोकावयास प्रारंभ केला. पोत्यात जागा कमी लागावी म्हणून मोड अशी चेपून ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला काठ दुमडला, आणि त्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे माझ्या दृष्टीस पडली : आजीचे माहेरचे नाव आणि त्यापुढे ‘शके १८५१’. आजीच्या लग्नाचे वर्ष घरात कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. कागद कुठलाच उरला नव्हता. ते इतकी वर्षे न्हाणीघरात, रोजच्या ऊन पाण्याच्या वाफेत, उघड्यावर लिहिलेले होते. मी मुलाला थांबवले, अक्षरे उतरवून घेतली; पण घंगाळ एव्हाना घंगाळ राहिले नव्हते.

सोन्याच्या मोडीत हाच न्याय अधिक काटेकोरपणे चालतो. सराफ आधी दागिना कसोटीवर घासून कस पाहतो. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असेल तर ती वगळतो, डाखाची वजावट करतो, आणि उरलेल्या शुद्ध अंशाचा हिशेब मांडतो. बावीस कॅरट म्हणजे हजारात सुमारे ९१६ भाग सोने. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाल्यामुळे नव्या दागिन्यांच्या बाबतीत हा वाद पुष्कळ कमी झाला आहे, पण पणजीच्या पाटल्यांवर असला शिक्का कुठून असावयाचा? या सगळ्या हिशेबात एका रकमेचा मागमूसही नसतो, ती म्हणजे घडणावळ. कारागिराने रात्र रात्र जागून उठवलेली वेलबुट्टी, तिला मोडीत भाव शून्य. आणि नवा दागिना करताना घडणावळ पुन्हा नव्याने मोजावी लागते. मोड द्रव्याचे मोल देते, श्रमाचे देत नाही. या शब्दाच्या व्यवहारातले हे सर्वांत कठोर कलम आहे, असे मला वाटते.

आता भाषेकडे वळू. ‘मोड’ स्त्रीलिंगी असली की ती जुन्या भांड्यादागिन्यांची, किंवा मोठ्या नोटेच्या बदल्यात हव्या असलेल्या सुट्या पैशांची. ‘शंभराची मोड आहे का?’ या प्रश्नात नोट फुटते, पण मूल्य तेवढेच राहते, आणि हा अर्थ पहिल्या अर्थाचा सख्खा भाऊ आहे. तोच शब्द पुल्लिंगी झाला की मटकीला आलेला मोड होतो, म्हणजे जिथे एक संपते तिथेच दुसरे उगवते. दोहोंची व्युत्पत्ती एक असो वा नसो, मराठी माणसाच्या कानाने त्यांना शेजारी बसवले आहे. ‘घडामोड’ या शब्दात तर घडणे आणि मोडणे एकत्र बांधले गेले आहे. जगात जे काही चालते त्याला आपण घडण्याचे आणि मोडण्याचे मिळून एकच नाव दिले, यात आपल्या भाषेची प्रगल्भता दिसते.

आणखी एक योगायोग मला अस्वस्थ करतो. मोडी लिपीचे सप्तमीचे रूपही ‘मोडीत’ असेच होते. हात न उचलता, अक्षरे मोडून-वळवून लिहावयाची ही लिपी शतकानुशतके आपल्या सनदा, महजर, जमाखर्च आणि खाजगी पत्रे वाहत आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शिक्षणातून व कारभारातून उठली. त्यानंतर वाचता येत नाही म्हणून मोडीत लिहिलेल्या कागदांचे कित्येक रुमाल अक्षरशः मोडीत गेले, त्यांच्या किराण्याच्या पुड्या झाल्या. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्यासारख्या संस्थांनी कागद वाचवले म्हणून निदान काही उरले.

मोडीच्या वाटेवरून परत आलेल्या वस्तूंची कहाणी त्यामुळेच मला विशेष मोलाची वाटते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. ओतीव धातूच्या त्या अवजड घंटा आटवून टाकणे अवघड नव्हते, पण त्या देवळांत टांगल्या गेल्या, आणि त्यांतलीच एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आजही आहे. दुसरे उदाहरण दिनकर गंगाधर केळकर यांचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी समया, अडकित्ते, दौती, कुलपे, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले आणि हजारो वस्तूंचा तो संग्रह अखेर शासनाच्या स्वाधीन केला. त्या दालनांत फिरताना ध्यानात येते की यांतली पुष्कळशी भांडी ज्या दिवशी त्यांच्या हाती पडली, त्या दिवशी ती न पडती तर कुठल्यातरी पोत्यात चेपून बसली असती. मोडीचा भाव त्यांनीही मोजला असेल, पण घडणावळीचा मान ठेवला.

प्रत्येक भांडे संग्रहालयात जाऊ शकत नाही आणि जावे असेही नाही. आजीचे पितळ आटून आज कुणाच्या तरी देवघरात निरांजन होऊन तेवत असेल, आणि ते योग्यच आहे. एवढीच विनंती आहे की, या दिवाळीत माळा आवरताना भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याचा काठ चिंचेने घासून पाहा, आणि तिथे अक्षरे असतील तर ती एका कागदावर उतरवून घ्या.